स्कोपवरची लाल खूण

मी, रेवा उपेंद्र चांदोरकर, वय एकोणतीस, मूळची पुण्याची, सध्या मुक्काम डून लेरी, डब्लिन, आज रविवारी दुपारी, पूर्ण शुद्धीत, दोन मग कॉफी पिऊन आणि कोणीही डोक्यावर बसलेलं नसताना माझ्या मागे राहणाऱ्या वस्तूंची व्यवस्था इथे लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डोक्याच्या आत, उजव्या डोळ्याच्या मागे, एक गाठ आहे, ती गोष्ट वेगळी. ती काढायला येत्या गुरुवारी ब्युमॉन्ट हॉस्पिटलला माझं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, जगण्याचे चान्सेस उत्तम, उजव्या डोळ्याचे फिफ्टी-फिफ्टी. मी मोजमापाच्या कामातली मुलगी आहे. 'उत्तम' हा आकडा नाही. म्हणून हा कागद.

याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कोणी म्हणालं तर तो माणूस खोटं बोलतोय, आणि बहुतेक तो माझा चुलतभाऊ आशुतोष असेल.

हे मराठीत लिहितेय कारण आई ते स्वतः वाचणार आहे, कोणाकडून वाचून घेणार नाही. सॉलिसिटर बाई म्हणाल्या, भाषा कुठलीही चालेल, नंतर ट्रान्स्लेशन जोडू. फक्त दोन साक्षीदारांनी एकाच वेळी समोर राहून मला सही करताना बघायला हवं. आणि ज्याला या कागदातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार व्हायचं नाही. झाला तर त्याचा वाटा गेला. हा नियम मला भयंकर आवडला. का, ते कलम सहामध्ये कळेल. शाळेत मराठी माझी थर्ड लँग्वेज होती, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ ज्याचं त्याने बघून घ्यावं.

आईला सकाळी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अगं, पितृपक्ष चालू आहे. असले कागद आत्ता कशाला लिहितेस?"

मी म्हटलं, "आई, मृत्युपत्राला याच्याहून चांगला मुहूर्त कुठला?"

ती रडली. मग नाक पुसून म्हणाली, "बरं, निदान नीट अक्षरात लिही." लिहितेय.

कलम १. हे सगळं अमलात आणण्याची जबाबदारी माझी फ्लॅटमेट यामिनी हिच्यावर. चार वर्षं आम्ही एकत्र राहतोय आणि रायफल आल्यापासून ती माझ्या खोलीत शिरताना भिंतीतल्या गन सेफकडे बघतच नाही, जसं काही आत साप आहे. तरीही तीच, कारण ती बोलते त्या वेळेला फोन करते. यामिनी, माझं काही झालं तर सेफ उघडायची नाही. किल्ली कुठे आहे ते तुला माहीत नाही आणि माहीत असायलाही नको. गार्डा स्टेशनला, म्हणजे इथल्या पोलिसांना, फोन करायचा. रायफलचं सर्टिफिकेट माझ्या नावाचं आहे, ते माझ्याबरोबर संपतं. ते येऊन रायफल डीलरकडे नेऊन ठेवतील.

कलम २. बँकेत जे आहे ते, दागिने आणि पुण्यातलं जे काही माझ्या नावावर आहे ते सगळं आई, सौ. चित्रा उपेंद्र चांदोरकर, हिला. ती मंगळवारी इथे येतेय. ती यायच्या आत फ्रीझरमधलं हरणाचं मटण यामिनीने खालच्या मिसेस फॅलनना देऊन टाकावं. आईला माहीत आहे मी काय करते. गेल्या दिवाळीत कळलं तिला. दोन दिवस बोलली नाही, मग म्हणाली, "कोंबडी खातेस ते समजू शकते मी. पण हरीण? डोळे बघितलेस का त्याचे?" बघितलेत, आई. स्कोपमधून, तुझ्यापेक्षा जवळून. आणि ज्या हरणाला इथे कोणी खाणारा प्राणीच उरला नाही त्याने, ज्याच्या जमिनीवर मी शिकार करते त्या मार्टिनची ओकची रोपं तीन वर्षं लागोपाठ शेंड्यापासून कुरतडलेलीही बघितलीत. एवढंच म्हणणं होतं माझं. ते तेव्हा ओरडून सांगितलं, आता हळू आवाजात सांगते.

कलम ३. किचनच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, खालच्या फळीवर, इथल्या मराठी मंडळाचे तीन मोठे स्टीलचे डबे आहेत. ते मंडळाला परत जावेत. मंडळासाठी माझ्याकडे याहून जास्त काही नाही. गणपतीच्या दहा दिवसांत मला 'खाटीक' म्हणणारे सगळे विसर्जनाच्या संध्याकाळी हॉलच्या पार्किंगमध्ये चिकनचे पंख चावत उभे होते. यात आघाडीवर माझ्याच प्लान्टमधला परेश. मी त्याला म्हटलं, "परेश, त्या कोंबडीने आत्महत्या केली होती का?" तो म्हणाला, "तसं नाही गं, मी काय बंदूक घेऊन नाही ना मारली." म्हणजे मारायला दुसरा माणूस ठेवला की आपण शाकाहारी. परेशला मी काहीच देत नाही, म्हणून त्याला साक्षीदार केलंय. येतोय सहाला.

कलम ४. चुलतभाऊ आशुतोष, राहणार कोथरूड. याने जत्रेतल्या फुग्यांपलीकडे आयुष्यात कशावरही नेम धरलेला नाही, पण तीन वर्षं मला व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवून रायफल समजावतोय. "रेवा, हजार मीटरचा सेटअप कर, फ्युचर-प्रूफ." मार्टिनची जमीनच हजार मीटर नाही रे. यामिनीने त्याला माझ्यातर्फे एक फुगा पाठवावा. लाल.

कलम ५. रायफल. आता जरा वेळ लागेल, कारण या विषयावर मला कोणी नीट बोलूच देत नाही.

थ्री-झिरो-एट, बोल्ट ॲक्शन, सेकंड-हँड. घेतली तेव्हा दुकानातला 'युअर मॅन', म्हणजे इथल्या भाषेत तो बाबा, माझ्याकडे न बघता सारंगला विचारत होता, "तिला झेपेल का ही?" सारंग म्हणजे माझ्याबरोबर शिकारीचा कोर्स केलेला नागपूरचा मुलगा, सॉफ्टवेअरवाला, वीकेंडला विकलोच्या डोंगरात माझा पार्टनर. तो म्हणाला, "तिलाच विचारा. मी फक्त गाडी चालवून राहिलो." दुकानदार शेवटपर्यंत माझ्या बुटांशीच बोलला. त्याचंही नाव इथे घालणार होते, पण त्याने ते कधी मला सांगितलंच नाही.

मार्टिनच्या जमिनीची गंमत अशी आहे की खाली दाट प्लान्टेशन आहे, तिथे हरीण निघालं तर चाळीस मीटरवर निघतं, आणि वर उघडा डोंगर, तिथे दोनशे. मधे एक कुंपण. म्हणजे एकाच सकाळी दोन्ही. लोक यासाठी दोन रायफली ठेवतात. किंवा एक ठेवतात आणि तिच्यावर एवढं सामान चढवतात की चालताना लग्नाचा घोडा वाटते. सारंगने पाच ते पंचवीस पट मोठं दाखवणारा स्कोप घेतला होता, किलोभर वजनाचा. पहिल्याच सकाळी प्लान्टेशनमध्ये हरीण समोर आलं. याने स्कोप लावला आणि कुजबुजला, "रेवा, मला नुसते केस दिसून राहिले." हरीण कंटाळून निघून गेलं.

माझा सेटअप साधा आहे आणि तो सहा महिने घालवून मी केलाय. स्कोप अडीच ते दहा. चालताना कायम अडीचवर, कारण जवळचं हरीण वेळ देत नाही. लांबचं देतं, तेव्हा आठवर न्यायला सवड असते. एकच गोळी, एकाच कंपनीची, एकाच वजनाची. शंभर मीटरवर ती नेमाच्या चार सेंटीमीटर वर लागते. मुद्दाम. कारण मग चाळीसवर ती जवळजवळ तिथेच लागते जिथे तुम्ही बघताय, आणि दोनशेवर पाच सेंटीमीटर खाली. हरणाच्या छातीत एवढी जागा असते. म्हणजे चाळीस ते दोनशे, कुठेही, छातीच्या मधोमध धरा आणि बाकी काही करू नका. स्कोपवरच्या चकत्या फिरवायच्या नाहीत, फोन काढायचा नाही. दोनशेच्या पुढे असेल तर पोटावर सरपटत जवळ जा, नाहीतर घरी जा आणि चहा प्या.

नळीच्या तोंडावरचा मॉडरेटर, तो आवाज कमी करणारा डबा, झिरो करताना, म्हणजे नेम बसवताना, लावलेला असेल तर शिकारीलाही लावलेलाच पाहिजे. काढला की गोळी दुसरीकडे जाते. टेकायला दोन बांबू, बागेच्या दुकानातले, सायकलच्या ट्यूबने बांधलेले. याला हसणाऱ्यांनी आपले कार्बन फायबरचे ट्रायपॉड घेऊन बसावं.

लाकडी दस्ता सिमेट्रिकल आहे, डावा-उजवा दोन्ही खांद्यांना चालणारा. ही सारंगची भुणभुण. "असाच घे बे, उद्या विकायला निघाली तर कोणालाही चालेल." मी म्हटलं मी विकणार नाहीये. पण दुकानात तोच एक होता म्हणून घेतला.

शेवटची गोष्ट सगळ्यात आधी करायची असते. स्कोपच्या मागच्या टोकाला, डोळ्याजवळ, एक रिंग असते. ती प्रत्येकाने आपल्या डोळ्याप्रमाणे फिरवायची, आतली फुली स्पष्ट काळी दिसेपर्यंत. तीन वर्षांपूर्वी मी ती लावली आणि तिथे लाल नेलपॉलिशची खूण केली.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून त्या खुणेवर फुली धूसर दिसायला लागली. मी रिंग थोडी फिरवली. महिन्याने आणखी थोडी. एक्सेलमध्ये सगळं लिहून ठेवत होते, तारखेसकट, ग्राफसकट. गोळ्या पसरायला लागल्या. मी स्कोपचे माउंट बदलले, गोळ्यांची कंपनी बदलली, ट्रिगर उघडून बघितला. ऑफिसात माझं काम काय? हृदयात घालायच्या नळ्या मोजणाऱ्या मशीन्स तपासणं. तिथे रीडिंग सरकायला लागलं की नवीन आलेल्या इंजिनिअरलासुद्धा मी पहिला प्रश्न शिकवते: मशीन, पार्ट की ऑपरेटर? तोच पार्ट दुसऱ्या माणसाला मोजायला द्या. सहा वर्षं हे शिकवतेय. घरी दहा महिने मी सगळं बदललं, फक्त ऑपरेटर तपासला नाही. या कागदात मी बऱ्याच लोकांना मूर्ख म्हटलंय. यादी पूर्ण असावी म्हणून हेही लिहिलं.

रायफल कोणाला? आईला नाही, यामिनीला नाही, मंडळाला तर नाहीच. ज्याच्याकडे कोर्स आहे, सेफ आहे आणि मार्टिनची लेखी परवानगी आहे असा माझ्या ओळखीत एकच माणूस आहे आणि त्याचं पुढच्या कलमात आलंय. म्हणून रायफल डीलरने ठेवावी, विकावी, नाहीतर तोडून टाकावी.

कलम ६. सारंगला काहीही देऊ नये. आणि यात पुढेमागे कोणाला शंका नको म्हणून मी त्यालाच साक्षीदार केलंय. त्याने स्वतःच्या हाताने सही करून स्वतःला बाद करावं.

कारण लिहिते. गेल्या नोव्हेंबरात, मार्टिनच्या डोंगरावर, एकशे वीस मीटरवर माझी गोळी एका मादीला पोटात लागली. ती पळाली. दोन तास आम्ही झुडपांतून रक्ताचे थेंब शोधत होतो. सारंगला ती सापडली, त्यानेच तिला संपवलं. मी त्याच्यावर ओरडले, की तू काल रायफल साफ करताना मॉडरेटर ढिला ठेवलास. तो म्हणाला, "नाही ठेवला." मी म्हटलं, "मग कोणी, मार्टिनच्या मेंढ्यांनी?"

मार्चमध्ये रेंजवर त्याने माझी रायफल मागितली. रिंग फिरवली, तीन गोळ्या मारल्या. तिन्ही दोन युरोच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या असत्या. मग त्याने रिंगवरची खूण बघितली आणि मी ती फिरवत कुठवर नेली होती तेही बघितलं. म्हणाला, "हा स्कोप नाही रेवा. तुझा डोळा आहे. दाखव कोणाला तरी."

"तू डॉक्टर झालास का?"

"काहून चिडून राहिली? दाखव ना."

मी जूनमध्ये दाखवला. तीन महिने फुकट. गाठ डोळ्याला मागून ढकलत होती, त्याने नंबर सरकत होता, माझ्या एक्सेलच्या ग्राफसारखाच सरळ रेषेत. म्हणजे सारंग बरोबर होता. हे लिहिताना हात दुखतोय. पण माझा राग त्याचा नाही. त्या जखमी मादीची गोष्ट सगळ्या मंडळाला माहीत आहे. डोंगरावर आम्ही दोघंच होतो. मी कोणाला सांगितलेलं नाही. माणसाने बरोबर असावं, पण त्याची दवंडी पिटू नये. म्हणून काहीही नाही.

इथे थांबते. बेल वाजली.

आता साडेसात झालेत. यामिनी म्हणतेय नवीन कागद घे आणि पहिल्यापासून लिही. नाही घेणार. लिहिलं ते लिहिलं, पुढे चालू.

सहाला परेश आला, त्याच्या मागोमाग सारंग. परेशने सोफ्यावर बसता बसता सारंगला विचारलं, "काय नेमबाज, आता तरी जागेवर लागतं का? का अजून पोटातच?" आणि स्वतःच हसला.

मी म्हटलं, "त्याला काय विचारतोस?"

"अगं, ते नोव्हेंबरातलं हरीण. यानेच नाही का जखमी केलं? मार्टिनने आमच्या ऑफिसच्या कॉनरला सांगितलं, कॉनरने मला. मी याला विचारलं तर म्हणाला, हो, माझीच चूक, मॉडरेटर ढिला होता. मंडळात वर्षभर चिडवतोय आम्ही याला. तुला माहीत नाही?"

सारंग म्हणाला, "यामिनी, चहा टाक ना." आणि किचनमध्ये गेला.

मी त्याच्या मागे गेले. म्हटलं, "मार्टिनला असं का सांगितलंस?"

"मार्टिनची परवानगी आपल्या दोघांना वेगवेगळी आहे. तुझी गेली असती. माझी गेली तर मला काय, मला तसंही केसच दिसतात."

"मी तुला शिव्या घातल्या सहा महिने."

"हो न. बऱ्याच चुकीच्या होत्या. पुण्याच्या लोकांना शिव्या येत नाहीत."

मग म्हणाला, "रायफल काढ. बोल्ट काढून, रिकामी." काढली. आम्ही मागच्या खिडकीत उभे राहिलो. त्याने माझ्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. "डाव्या खांद्याला घे." मी म्हटलं मला डावीकडून जमत नाही. "उजवीकडून तरी कुठं जमून राहिलं?" घेतली. दस्ता गालाला तसाच बसला, जसा उजवीकडे बसतो. समोर फुली धूसर होती. मी रिंग फिरवायला लागले. उलटी, जिकडून एवढे महिने आणली तिकडेच. फुली काळी झाली, केसासारखी बारीक, समोरच्या घराच्या धुराड्यावर. मी डोळा काढून बघितलं. रिंग लाल खुणेवर होती.

तीन वर्षांपूर्वीचा माझा उजवा डोळा आणि आजचा डावा, दोघांचा नंबर एकच. त्यावर सारंग 'बघ, म्हटलं होतं ना' असं बोलला असता तर मी कलम सहा तसंच ठेवलं असतं.

कलम ७. कलम ५ चा शेवटचा परिच्छेद आणि पूर्ण कलम ६ मी खोडले आहेत. खोडलेलं वाचता येतंय, येऊ दे. प्रत्येक खोडीशेजारी माझी आणि दोन्ही साक्षीदारांची छोटी सही आहे.

कलम ८. मी जगले तर रायफल कोणालाही नाही. उजवा डोळा गेला तरी नाही. नोव्हेंबरात मी डाव्या खांद्यावरून शंभर मीटरवर चार सेंटीमीटर वर मारत असेन, आणि आशुतोषने त्याची व्हॉइस नोट पाठवू नये.

मी मेले तर रायफल, स्कोप, मॉडरेटर, उरलेल्या गोळ्या आणि दोन बांबू सारंगला, त्याला तिचं स्वतःच्या नावाचं सर्टिफिकेट मिळाल्यावर. अटी अशा: मार्टिनच्या ओकवर लक्ष ठेवायचं. स्कोप बदलायचा नाही. दोनशेच्या पुढे मारायचं नाही. आणि खरं काय झालं ते मार्टिनला आणि मंडळाला सांगायचं. मी नसताना माझी परवानगी कोण काढून घेणार?

साक्षीदार म्हणून सारंगचं नाव मी खोडलं तेव्हा तो समोरच उभा होता. म्हणाला, "साक्षीदार म्हणूनही चालत नाही का मी?" मी म्हटलं, "नाही." त्याने खांदे उडवले आणि स्वतः खाली जाऊन मिसेस फॅलनना घेऊन आला. मग सही होईपर्यंत बाहेर थांबतो म्हणून जिन्यात जाऊन बसला. मिसेस फॅलन म्हणाल्या, मला यातलं एक अक्षर वाचता येत नाही. मी म्हटलं, वाचायचं नाही, मी सही करतेय तेवढं बघायचं. त्या म्हणाल्या, "ग्रँड," आणि चष्मा लावून बसल्या. त्यांचं मटण यामिनीने आधीच हातात दिलंय, म्हणजे या कागदातून त्यांना काही मिळायचं उरलेलं नाही. परेशने कलम ३ वाचलंय. तरीही पेन मागितलंय.

सारंग, जिन्यात बसलाहेस, तुला अजून माहीत नाही. कधी माहीत करून घ्यायची वेळ आली, तर पहिलं काम लक्षात ठेव. रिंग तुझ्या डोळ्याला लावून घे. लाल खूण पुसू नकोस.

वरील सर्व मी समजून-उमजून, डाव्या डोळ्याने पुन्हा एकदा वाचून, खालील दोघांच्या समोर सही केली. दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली.

लिहून ठेवणार: रेवा उपेंद्र चांदोरकर (सही)

साक्षीदार १: परेश वसंत घाणेकर (सही)

~~साक्षीदार २: सारंग~~ (रे. चां., प. घा., नो. फॅ.)

साक्षीदार २: नोरीन फॅलन, तळमजला (सही)

ठिकाण: डून लेरी
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५